छपराखालचा मासा

गळाची काठी घ्यायला आलेला माणूस दुकानात शिरला की आधी वर बघतो. भिंतीला टेकवून ठेवलेल्या काठ्यांत सगळ्यात उंच कोणती, ते डोळ्यांनी मोजतो आणि तिच्याकडेच बोट दाखवतो. लांब काठी, लांब फेक, मोठा मासा, असा त्याचा सरळ हिशोब. तो मोडून काढायचं दुकानदाराला काही कारण नसतं. गिऱ्हाईक खूश, काठीही महागातली.

पण काही मासे लांब नसतातच. ते काठावरून दिसतील एवढ्यावर असतात, फक्त कशाच्या तरी खाली शिरून बसलेले. त्यांच्यापुढे सात फुटांची काठी म्हणजे नुसती अडचण.

अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, मोठमोठ्या जलाशयांच्या काठी घरं असतात आणि घरापुढे पाण्यात बोट बांधायला लाकडी धक्के. या धक्क्यांच्या सावलीत क्रॅपी नावाचा चपटा, चंदेरी मासा थव्याने उभा असतो. वरच्या फळ्या आणि पाणी यांच्यात कुठे हातभर फट, कुठे त्याहूनही कमी. नेहमीसारखी डोक्यावरून काठी फिरवून आमिष फेकलं तर ते फळीवर आपटतं किंवा खांबाला गुंडाळलं जातं. म्हणून तिथल्या लोकांनी काठीचीच गलोल केली. आमिष फेकायचं सोडून दिलं आणि ताणून, नेम धरून मारायला सुरुवात केली.

त्याची रीत अशी. छोट्या स्पिनिंग रीलची बेल, म्हणजे तंगूस अडवणारी तारेची कमान, उघडायची आणि तंगूस तर्जनीवर अडकवून धरायचं. शेंड्यापासून लोंबणारा ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, मुठीच्या आसपास येईल इतकं तंगूस मोकळं ठेवायचं. मग गळाचं टोक बोटांपासून बाहेरच्या बाजूला राहील असा ल्यूर दुसऱ्या हाताच्या चिमटीत पकडायचा, शेंडा पाण्यालगत नेऊन फटीकडे रोखायचा आणि चिमूट मागे ओढायची. काठी कमानीसारखी वाकते. चिमूट सुटली की शेंडा सरळ होतो आणि ल्यूर पाण्याला जवळजवळ घासत, एखाद-दुसरा टप्पा खात, थेट सावलीत शिरतो. सगळी मेख तर्जनीत आहे. ती आधी सुटली तर काठीतला जोर वाया जातो. उशिरा सुटली तर ल्यूर तंगुसाचा हिसका खाऊन उलटा अंगावर येतो. गळाचं टोक चुकीच्या बाजूला धरलं तर पहिला मासा स्वतःचाच अंगठा.

यासाठी लागणारा ल्यूर अगदीच किरकोळ असतो. एक ते दोन ग्रॅमचं शिशाचं डोकं, त्याला गळ, आणि मागे रबराचं नाहीतर पिसांचं शेपूट. याला जिग म्हणतात. तंगूसही चार-सहा पौंडांचं, म्हणजे साधारण दोन-अडीच किलोचा ताण सोसणारं, आणि शक्यतो भडक पिवळं. कारण जिग सावलीत सावकाश खाली बुडत असतानाच मासा तोंडात घेतो. हाताला झटका बसत नाही; सैल पडलेलं तंगूस नुसतं बाजूला सरकतं किंवा बुडायचं थांबतं. ते डोळ्यांना दिसलं पाहिजे.

आता आपल्या धाराशिव जिल्ह्यात धक्के कुठले? इथे बोट बांधायची पद्धत नाही, कारण बांधून ठेवावं असं पाणीच वर्षभर एका जागी नसतं. तेरणा, सीना, बोरी, चांदणी या नद्या पावसाळ्यात वाहतात आणि नंतर धरणांत शिल्लक राहतात. परंड्याचं सीना-कोळेगाव, माकणीचं निम्न तेरणा, तेरजवळचं तेरणा, नळदुर्गचं बोरी. चांगल्या सालात ही धरणं भरतात, वाईट सालात मृतसाठ्यावर येतात. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा कळंब तालुक्याच्या हद्दीला लागून असलेलं मांजरा धरण कोरडं पडलेलं होतं.

तरीही छप्पर इथे आहेच. माघ-फाल्गुनानंतर धरणाचं पाणी मागे सरायला लागतं आणि उघड्या पडलेल्या गाळपेराच्या जमिनीत शेतकरी उतरतात. पाण्यामागोमाग मोटारी सरकतात. पाणी दहा हात मागे गेलं की पाइपाचा एक तुकडा जोडायचा आणि मोटार पुढे न्यायची. कुठे मोटार काठावरच दगडांवर बसवलेली असते, तर कुठे चार-सहा रिकामे प्लास्टिकचे ड्रम एकत्र बांधून, वर लोखंडी अँगल टाकून तिचा तराफाच केलेला असतो. मे महिन्यात चाळीस अंशांपुढचं ऊन, झाड नाही, झुडूप नाही, उघड्याबोडक्या काठावर तेवढीच एक सावली. भर दुपारी मासे जाणार कुठे? ड्रमना शेवाळ धरलेलं असतं, शेवाळाला किडे, किड्यांमागे बारकी मासळी आणि बारक्या मासळीमागे मोठी. अमेरिकन धक्क्याखाली जे चालतं तेच मोटारीच्या तराफ्याखाली चालतं.

दुसरं छप्पर वेड्या बाभळीचं. पाणी उतरलं की वेडी बाभूळ धरणाच्या पोटात शिरते, पुढच्या पावसाळ्यात बुडते आणि तिच्या फांद्या पाण्यावर ओणव्या होतात. काट्यांचं हे छत तराफ्याहून वाईट. फळीला लागलेला ल्यूर घसरून खाली येतो. बाभळीला लागलेला ल्यूर बाभळीचा होतो.

म्हणजे काठी निवडायची ती या फटीकडे बघून. फट हातभर असेल तर काठी पाच ते साडेपाच फुटांची पुरते, फार तर सहा. ल्यूर मागे ओढताना शेंडा खाली, पाण्याजवळ असतो. काठी लांब असली की शेंडा पाण्यात बुडतो आणि सुटताना पाणीच उडवतो. शिवाय असा मारा गुडघ्यावर बसून, कधी चिखलात उकिडवं बसून करायचा असतो. सात फुटांची काठी तिथे पेलतच नाही.

लांबीनंतर येतो कडकपणा, आणि बहुतेक लोक फसतात ते इथे. काठीवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत यूएल, एल, एमएल, एम, एमएच असं काहीतरी लिहिलेलं असतं. यूएल सगळ्यात नाजूक, एमएच बऱ्यापैकी ताठ. आपल्याकडे दुकानांत सहज मिळते ती एम किंवा एमएच, कारण ती कटल्यालाही चालते आणि मरळीलाही. दोन ग्रॅमचा ल्यूर अशा काठीला लावून ओढला तर काठी वाकतच नाही. आणि वाकली नाही म्हणजे फेकायला तिच्यात काही साठलंच नाही. उलट फारच लवचीक काठी घेतली तर ती मुठीपर्यंत वाकते, सुटताना दोन-तीनदा डुलते आणि ल्यूर कुठे जाईल याचा नेम राहत नाही. हवी ती काठी शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्शात वाकणारी आणि खाली घट्ट. दुकानदार तिला फास्ट अ‍ॅक्शन म्हणतात.

हे दुकानात पारखता येतं. शेंड्याच्या कडीला रुपयाचं नाणं सेलोटेपने चिकटवायचं. ते तीन-चार ग्रॅमचं असतं. काठी आडवी धरली आणि शेंडा किंचितही झुकला नाही, तर तिला रुपयाची दखल नाही. जिगची कुठून असणार? मग शेंडा दोन बोटांत धरून हलकेच मागे ओढायचा आणि सोडायचा. एकदा सरळ होऊन थांबली तर ठेवून घ्यावी, डुलत राहिली तर परत भिंतीला. दुकानदार भुवया उंचावतो, पण नाणं काढून खिशात टाकलं की गप्प बसतो.

आठवडी बाजारात आणि ऑनलाइन सगळ्यात स्वस्त मिळते ती टेलिस्कोपिक काठी, नळीत नळी सरकवून दप्तरात मावणारी. प्रवासाला सोयीची, पण या कामाला कुचकामी. प्रत्येक सांध्यावर ती अडते आणि वाक सलग येत नाही. एकसंध काठी सगळ्यात बरी. एसटीतून न्यायची तर दोन तुकड्यांची चालेल.

काठी-गळाचा विचार या भागाला नवा नाही. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याने राज्याची हद्द ओलांडली की थोड्याच वेळात बसवकल्याणचा फाटा लागतो. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ लिहिला. मराठी वाचकाला तो माहीत असतो तो ओवीमुळे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींच्या भागात मत्स्यविनोद असं एक प्रकरणही आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणत्या माशाला काय खाऊ घालून जवळ आणावं आणि मग तो गळाने कसा धरावा, याचं त्यात तपशिलाने वर्णन आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक असलेले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा ते जगभरच्या अभ्यासकांसमोर आलं. इंग्रजांचा आयझॅक वॉल्टन गळाच्या छंदावरच्या पुस्तकासाठी प्रसिद्ध आहे. त्याचं पुस्तक 1653 चं. कल्याणीच्या राजाने माशांच्या खाण्यापिण्याचा विचार त्याच्या पाचशेहून अधिक वर्षं आधी करून ठेवला होता.

काठीचं साहित्य मात्र बराच काळ फारसं बदललं नाही. बांबू, वेत आणि लाकूड हीच जगभरची सामग्री. धक्क्याखाली मारा करायच्या काठ्या आज विकणारी मिसिसिपी राज्यातली बी अँड एम कंपनी 1940 च्या दशकात बांबूच्या साध्या काठ्या विकतच उभी राहिली. फायबरग्लास आला दुसऱ्या महायुद्धानंतर, कार्बनच्या काठ्या 1970 च्या दशकात. कार्बन हलका, ताठ आणि संवेदनशील. माशाने नुसता श्वास सोडला तरी कळतं, असं त्याचे चाहते सांगतात. अमेरिकेत धक्क्याखालच्या माऱ्यासाठी आज कार्बनच घेतात.

धाराशिवच्या तराफ्यापाशी मात्र हा सल्ला जसाच्या तसा घेता येत नाही, आणि त्याचं कारण मासा नाही. कारण तराफ्यावरची मोटार आहे. काठावरच्या खांबावरून वायर येते, कुठे ओंडक्यांवर, कुठे दोन बांबूंच्या कात्रीवर टेकवत पाण्यावरून तराफ्यापर्यंत जाते. जोडावर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, ती उन्हाने सुटलेली. कार्बनमधून वीज जाते. परदेशी कंपन्या अशा काठ्यांवर विजेच्या तारांपासून दूर राहण्याचा इशारा छापतात, तो उगाच नाही. कोरड्या फायबरग्लासमधून वीज जात नाही. सुक्या वेळूचंही बरं, पण भिजलेल्या वेळूचा भरवसा नाही. म्हणून इथे तराफ्याखाली मारा करायचा तर काठी फायबरग्लासची, थोडी जड असली तरी चालेल. आणि मोटारीच्या धन्याला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. शेतीची थ्री फेज लाइट पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. ती कधी येणार हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

काठावर मग असा संवाद ऐकू येतो.

“मामा, मोटार चालू हाय का?”

“न्हाई, लाइट रातच्याला हाय. धरा मासे, पर वायरीच्या अंगाला जाऊ नगा. अन् तुमच्या त्या दोऱ्यानं फुटबॉल गुतवू नगा माझा.”

फुटबॉल म्हणजे फुटव्हॉल्व्ह, पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला असलेली जाळीची झडप. तिच्यात तंगूस अडकलं तर मोटार पाणी उचलत नाही, आणि चार एकर उसाच्या मालकाशी भांडण होतं ते वेगळंच.

एवढं सगळं जमलं तरी एक घोळ उरतोच. अमेरिकन धक्क्याखाली पाव-अर्ध्या किलोचे मासे असतात. तराफ्याखाली काय आहे ते आधी सांगता येत नाही. बहुतेक वेळा असते चिलापी. ही मूळची आफ्रिकेतली तिलापिया. 1952 मध्ये ती भारतात आणली गेली आणि आता दख्खनच्या पाण्यांत इतकी रुळलीय की कुणी तिला पाहुणी म्हणणार नाही. ती प्रामुख्याने शेवाळ खाते, पण बारीक जिग तोंडासमोरून सावकाश बुडाला की चावते, खळगा करून अंडी घालण्याच्या काळात तर चिडूनच चावते. तिच्यासाठी एल काठी, दोन ग्रॅमचा जिग आणि सहा पौंडांचं तंगूस हा जमाखर्च बरोबर बसतो.

पण त्याच सावलीत मरळही असते. मरळीला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने ती वर येऊन तोंड उघडते आणि पाण्यावर गोल वलय सोडून जाते. दोन-तीन किलोच्या मरळीने जिग घेतला की ती सरळ ड्रमच्या मागे नाहीतर बाभळीत शिरते. सहा पौंडांचं तंगूस तिच्या पहिल्याच मुसंडीत तुटतं आणि गळ तिच्या जबड्यात राहतो. हा तिच्यावर अन्यायच. त्यामुळे जिथे वलयं दिसतात तिथे हलकी काठी बाजूला ठेवावी, नाहीतर मधला रस्ता काढावा: पावणेसहा-सहा फुटांची एमएल काठी, दहा पौंडांची ब्रेडेड लाइन आणि तीन-चार ग्रॅमचा ल्यूर. अशा काठीने चिलापीची थोडी मजा कमी होते आणि मरळीशी झुंज थोडी अवघड होते. पण दोन्ही मासे काठापर्यंत येतात. पावसाळ्यात मरळीच्या डोक्यावर लालसर पिलांचा पुंजका फिरताना दिसला तर मात्र काठी उचलूच नये. आईबाप दोघं पिलांना राखतात. त्यांतलं एक उचललं तर पुंजका बाकीच्या माशांच्या तोंडी जातो.

परवानगीचा प्रश्न वेगळा. मोठ्या जलाशयांतला मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. ज्यांनी बोटुकली सोडली, ज्यांची जाळी पाण्यात आहेत, ती माणसं थर्माकोलच्या तुकड्यावर नाहीतर ट्रकच्या ट्यूबवर बसून पाण्यात फिरत असतात. त्यांना विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत; उलट कोणत्या तराफ्याखाली काय आहे ते हसत सांगतात. विचारलं नाही तर हटकतात, आणि तेव्हा त्यांचं म्हणणं खरं असतं. पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलला तर लांबूनच नमस्कार करावा, तिच्या पुलाखालची सावली कितीही मोहात पाडो.

नळदुर्गच्या किल्ल्यातही असंच मोह पाडणारं छप्पर आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच बंधारा बांधला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल काढला. पावसाळ्यात सज्जातून समोर पडणारं पाणी बघायचं आणि आपण कोरडं राहायचं, अशी ती करामत. माणसाला पाण्याखाली छप्पर हवं, माशाला पाण्यावर. तिथे गळ टाकायची मात्र गरज नाही. ते संरक्षित स्मारक आहे आणि गर्दीत पाठीमागे काठी फिरवणाऱ्याचे कुणी आभार मानत नाही.

नवी काठी घेतल्यावर लगेच धरणावर धावण्यात अर्थ नसतो. पहिले दोन-चार डझन नेम अंगणातच चुकवून घ्यावेत. जिगचा गळ पकडीने छाटून टाकायचा आणि अंगणात बाज टाकायची. बाजेखालची जागा ही साधारण तराफ्याच्या फटीएवढीच. सहा-सात पावलांवर गुडघे टेकून बसायचं, पलीकडच्या दोन पायांमध्ये जर्मनचं पातेलं आडवं ठेवायचं आणि बाजेखालून त्याच्यात ल्यूर घालायचा. बाजेच्या सुंभाला लागला तर फळीला लागला समजायचं, पायाला गुंडाळला तर बाभळीला. पातेल्याचा ठण्ण आवाज पाच नेमांत तीनदा येऊ लागला की दुकान आणि काठी दोन्ही पास. जमलं तर बाज काढून ट्रॅक्टरची ट्रॉली लावावी. तिच्याखाली लांबी जास्त मिळते आणि चाकांमधून नेम साधायची सवय होते.

पिसाचं शेपूट लावलेला जिग असेल तर घरातलं मांजर मात्र तेवढा वेळ आत कोंडावं. गळ छाटलेला असला तरी तंगूस तुटत नाही आणि मांजर सोडत नाही.